कुवेतमधून कुणी एकट्याने सोडवलं नाही

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 26 जानेवारीच्या आसपास एक मेसेज ठरल्यासारखा येतो. यंदा तो तीन जणांनी टाकला, आणि खाली 'अभिमान वाटतो'ची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा : 1990 मध्ये सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा आपलं सरकार झोपलं होतं, दूतावासाला कुलूप लावून अधिकारी पळाले, रणजित कट्याल या उद्योगपतीने एकट्याने 1 लाख 70 हजार भारतीयांना वाचवलं, हवाई दलाने त्यांना कुवेतमधून उचलून आणलं, आणि अक्षय कुमारच्या 'एअरलिफ्ट'मध्ये हे सगळं जसंच्या तसं दाखवलंय.

माझे धाकटे काका त्या गर्दीत होते. आयटीआय करून, चार वर्षं सातपूरला एका कारखान्यात काढून ते एसी मेकॅनिक म्हणून कुवेतला गेले होते. हा मेसेज वाचला की ते फोन बाजूला ठेवतात आणि त्यावर काही बोलत नाहीत. म्हणून मी लिहितोय.

पहिलं, रणजित कट्याल. या नावाचा माणूस नव्हता. जानेवारी 2016 मध्ये आलेल्या चित्रपटातलं ते रचलेलं पात्र आहे आणि त्यामागे मुख्यतः दोन खरी माणसं आहेत : मथुन्नी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी. मॅथ्यूज मूळचे केरळचे, कुवेतमध्ये टोयोटा गाड्यांच्या व्यवसायात होते, म्हणून लोक त्यांना 'टोयोटा सनी' म्हणत. 2017 मध्ये ते गेले. या दोघांचं काम मोठंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण तेही एकटे नव्हते. तिथल्या भारतीयांनी मिळून एक समिती उभी केली होती. कोण कुठल्या वस्तीत अडकलंय, कुणाकडे धान्य आहे, कुणाची बाई दिवस गेलेली आहे, बस कुठून मिळेल, हे सगळं ती माणसं बघत होती. मेसेजमध्ये 'एकट्याने' हा शब्द आला की ती सगळी पुसली जातात, आणि ज्या दोघांचा गौरव व्हायला हवा त्यांच्या जागीही एका काल्पनिक माणसाला हार घातला जातो.

दुसरं, दूतावास आणि सरकार. इथे मला सावकाश बोलायचंय, कारण मेसेजमधला राग उगाच आलेला नाही. इराकने 2 ऑगस्टला कुवेतवर हल्ला केला, थोड्याच दिवसांत कुवेत हा आपलाच प्रांत असल्याचं जाहीर केलं आणि परदेशी दूतावासांना 24 ऑगस्टपर्यंत गाशा गुंडाळायला सांगितलं. भारताने आपला दूतावास इराकमधल्या बसऱ्याला हलवला. मागे राहिलेल्यांना आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं वाटलं. काकांनाही वाटलं, आजही ते तसं म्हणतात, आणि ते म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पण सरकार झोपलं होतं हे खरं नाही. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल त्याच ऑगस्टमध्ये बगदादला जाऊन सद्दामला भेटले. सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर गेला आणि गुजरालांवर सडकून टीका झाली. ती मिठी मलाही बघवत नाही. तरीही कुवेतमधून बाहेर पडणारा रस्ता इराकी सैन्याच्या हातात होता. बस इराकमधून जाणार, तर इराकची परवानगी हवीच, आणि ती मागायला कुणीतरी बगदादला जायलाच हवं होतं. परतताना गुजराल कुवेतलाही गेले आणि येताना काही भारतीयांना विमानात घेऊन आले. दिल्लीत परराष्ट्र खात्यात आखाती देशांचा विभाग तेव्हा के. पी. फेबियन सांभाळत होते. चित्रपटात दिल्लीतला एकच अधिकारी फाइल घेऊन दारोदार फिरतो. प्रत्यक्षात परराष्ट्र खातं, एअर इंडिया, बगदाद आणि जॉर्डनची राजधानी अम्मान इथले दूतावास इतक्या ठिकाणची माणसं कामाला जुंपलेली होती.

आमच्या घरात याचा एक पुरावा आहे. आखातात मालक कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घ्यायचे. हल्ला झाला तेव्हा काकांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो तिथला मालक, कुठे गेला, त्यांना कळलंच नाही, आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात. अशा हजारो लोकांना भारतीय वकिलातीने तात्पुरती प्रवासाची कागदपत्रं दिली. काकांचा तो कागद काकूने लोखंडी पेटीत साड्यांच्या खाली ठेवलाय. एकच पान, घड्यांवर फाटत आलेलं. फोटोला गंजलेली पिन, तिचा तांबूस डाग काकांच्या कपाळावर उतरलाय. शिक्का अर्धा उमटलाय. नाव हाताने लिहिलंय, अक्षर घाईचं, आणि आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही तिथल्या तिथे दुरुस्त का नाही करून घेतलं?" ते म्हणाले, "अरे, माझ्या मागे किती माणसं उभी होती ते तू बघायला हवं होतंस. त्या लिहिणाऱ्याचे डोळे लाल झाले होते." पळून गेलेल्या माणसाचं हे अक्षर नाही.

तिसरं, हवाई दलाने कुवेतमधून उचलून आणलं. हवाई दलाचा या कामात वाटा आहे, पण बहुतेक माणसं त्यांच्या विमानांतून आली नाहीत. कुवेतचा विमानतळ इराकच्या ताब्यात होता. लोक कुवेतहून बसऱ्याला, तिथून बगदादला आणि पुढे वाळवंट ओलांडून जॉर्डनला गेले, सुमारे दीड हजार किलोमीटर, ऑगस्ट-सप्टेंबरच्या आखाती उन्हात. काकांनी बसच्या भाड्यासाठी मनगटावरचं घड्याळ विकलं. जॉर्डनच्या हद्दीवर तंबूंत रात्री काढल्या. तिथे पाण्याच्या टँकरपुढची रांग कधी तुटायची नाही असं ते सांगतात. अम्मानहून मुंबईला आणलं ते मुख्यतः एअर इंडियाने, म्हणजे नेहमीचे वैमानिक, नेहमीचे केबिन कर्मचारी आणि नेहमीची प्रवासी विमानं. युद्धाच्या तोंडावर तीच विमानं रोज जात-येत राहिली, आणि त्या कर्मचाऱ्यांचं नाव मेसेजमध्ये एकदाही येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आकड्याचं लवकर उरकतो. 1 लाख 70 हजार हा कुवेतमधल्या भारतीयांचा ढोबळ आकडा. गिनीज बुकात एअर इंडियाच्या नावावर नोंद आहे ती 1,11,711 जणांची : 13 ऑगस्ट ते 11 ऑक्टोबर 1990, 488 उड्डाणं. म्हणजे दिवसाला आठेक, दर खेपेला सव्वादोनशेच्या वर माणसं. हा आकडा इतका मोठा आहे की तो फुगवायची गरजच नाही.

राहिलं 'जसंच्या तसं'. चित्रपट मीही पाहिलाय, विजय-ममता थिएटरला, काकांना शेजारी बसवून. दोन तासांत गोष्ट सांगायची तर एक नायक लागतो, हे मला समजतं. पण त्यात माणसं विमानात बसली की गोष्ट संपते. काका पंचवटी एक्सप्रेसने रात्री नाशिकरोडला उतरले तेव्हा हातात एक रेक्झिनची बॅग होती आणि खिशात कुवेती दिनार, जे इथे कुणी घेईना. चार वर्षांची बचत तिकडच्या बँकेत अडकली होती. त्यांनी पुन्हा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून सुरुवात केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या पैशांतून कुवेत सोडावं लागलेल्यांना ठरावीक रक्कम दिली, पण त्यात वर्षं गेली. आणि कागदावरच्या त्या चुकलेल्या आडनावामुळे काकांना आधी प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. त्या पैशातून आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब पडला. मी हे लिहितोय ते त्याच खोलीत बसून.

काकांना विचारून आज त्या कागदाचा फोटो काढलाय आणि नाव झाकून ग्रुपवर टाकलाय. ज्या तिघांनी मेसेज पाठवला त्यांनी तो नीट मोठा करून बघावा, आणि तो मेसेज पुढे पाठवणं आजपासून थांबवावं.