लाख प्ले म्हणजे लाख रुपये? आधी हिशेब तरी करा

‘महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत हवी तेवढी गाणी, आणि प्रत्येक वेळी पैसे थेट गायकाच्या खात्यात’ असा स्ट्रीमिंगबद्दलचा, म्हणजे ॲपवर गाणी ऐकण्याबद्दलचा, एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. एक लाख प्ले म्हणजे एक लाख रुपये, पायरसी संपली, कलाकाराला न्याय मिळाला आणि तरीही रडणारे ते मुळात सुमार, असा त्याचा एकूण सूर. मी दुर्लक्षच केलं असतं. पण तो वाचून भाची अभंगांच्या रेकॉर्डिंगसाठी एफडी मोडायला निघाली, म्हणून हा खटाटोप.

लाख रुपयांची थाप सगळ्यात घातक, तेव्हा आधी तीच. प्लेमागे ठरलेला दर असतो हेच खोटं. स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप स्वतः सांगतं की असा दर नाही. उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांत वाटला जातो, तोही एकूण प्लेमध्ये ज्याचा जेवढा हिस्सा त्या प्रमाणात. एखाद्याने महिनाभर फक्त भाचीचाच अभंग ऐकला तरी त्याची वर्गणी तिच्याकडे जात नाही. ती सामाईक गल्ल्यात पडते आणि ज्यांची गाणी दिवसरात्र वाजतात त्यांच्याकडे वळते.

आता कागद-पेन घ्या. स्पॉटिफायची वैयक्तिक वर्गणी भारतात कित्येक वर्षं ₹119 होती. 18 टक्के जीएसटी गेला की उरले 101 रुपये, त्याचे दोन तृतीयांश 67. रोज 30 गाणी ऐकली असं धरा, म्हणजे महिन्याला 900. एका प्लेला साडेसात पैसेसुद्धा पडत नाहीत. लाख प्लेचे साडेसात हजारही होत नाहीत, आणि तेही ऐकणारे सगळे वर्गणी भरणारे असतील तर. जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांकडून याहून कितीतरी कमी येतात. त्यातून गाणं वर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची फी किंवा कमिशन वेगळं.

भाचीचा खर्चाचा अंदाज आहे ₹45,000. स्टुडिओच्या शिफ्ट, पखवाज, तबला, टाळ, बासरी, मग मिक्सिंग-मास्टरिंग. (संतांना रॉयल्टी द्यायची नाही, तेवढीच बचत.) म्हणजे नुसती मुद्दल सुटायला सहा लाख प्ले हवेत. वर 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1,000 प्लेसुद्धा न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगपोटी छदामही मिळत नाही. हे त्या मेसेजमध्ये कुठे आहे?

‘थेट गायकाच्या खात्यात’ हेही तसलंच. पैसे जातात रेकॉर्डिंगच्या मालकाकडे, आणि बहुतेक गाजलेल्या गाण्यांची मालकी कंपनीकडे असते. गायकाच्या हातात किती पडतं, ते करार ठरवतो. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली, आणि आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था तो वसूल करते. हे चांगलंच झालं. पण पखवाजवाल्याला बहुतेक वेळा शिफ्टचं पाकीट मिळतं आणि तिथे विषय संपतो.

पायरसीचं निम्मं खरं आहे, मान्य करतो. मोबाइलच्या दुकानात पाच-पन्नास रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, त्यातला एक रुपयाही कलाकाराकडे जात नव्हता. शून्यापेक्षा सात पैसे जास्त, हे कबूल. त्याला न्याय म्हणू नका.

राहिले ते ‘रडणारे सुमार’. ब्रिटनच्या संसदेत सर्वपक्षीय समितीने याची चौकशी केली. मर्क्युरी या तिथल्या मानाच्या संगीत पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचलेल्या गायिका नादिन शाह यांनी तिथे साक्ष दिली की स्ट्रीमिंगच्या पैशांत घरभाडंही भागत नाही. जुलै 2021 च्या अहवालात समितीने कलाकारांच्या पदरी फारच तुटपुंजं पडतं असं नोंदवलं आणि सगळी घडी नव्याने बसवायला सांगितलं. आता नादिन शाह यांनाही सुमार म्हणणार का?

भाचीला एवढंच सांगितलंय की रेकॉर्डिंग जरूर कर, पण एफडीला हात लावू नकोस. आषाढी-कार्तिकीच्या कार्यक्रमांचं मानधन साठव, त्यातून दोनच अभंग नीट कर. चाली तिच्या स्वतःच्या आहेत, तेव्हा आयपीआरएसचा फॉर्म आधी भर.