शॉटगन, फुलबॅक आणि मिडलटाउन : ओहायोकर काकांना उत्तर

ओहायोकर काका, सादर नमस्कार.

अमेरिकन हायस्कूल फुटबॉलवरच्या, स्प्रेडचं कौतुक करणाऱ्या माझ्या मागच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण लगेच लिहिलं असतं तर नुसती वकिली झाली असती. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. शॉटगन (चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक मागे अंतरावर उभा) आणि स्प्रेड (खेळाडू मैदानभर पसरलेले) हा टेक्सासचा दिखाऊ खेळ आहे; टीव्हीवर कॉलेजचे आणि एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, सामने बघून शाळांनी त्याची नक्कल केली. त्यात ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणं, संपलं. तुमचा मुलगा १९९४ साली ओहायोत फुलबॅक (लाइनमागून घुसून वाट करून देणारा दांडगा गडी) होता, आज त्याला संघात जागाच मिळाली नसती. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘‘ही पोरं प्रत्येक खेळीआधी मान वळवून कोचकडे बघतात. कळसूत्री बाहुल्यांत आणि यांच्यात फरक काय?’’

शिवाय तुम्ही माझी एक चूकही दाखवलीत. स्प्रेडमुळे मुलांच्या डोक्याला मार कमी बसतो, असं मी लिहून गेलो होतो. त्याला माझ्याकडे आधार नव्हता. लाइनमधल्या, म्हणजे चेंडूपाशी समोरासमोर भिडणाऱ्यांच्या, दाटीत लहान लहान धडका सतत बसतात. मोकळ्या मैदानात धडका मोजक्या, पण दोन्ही बाजूंनी पूर्ण वेगात आलेल्या. यातलं कमी वाईट कुठलं ते मला सांगता येणार नाही. ज्याचा मुलगा मैदानात आहे त्याने तरी हे असं सहज लिहायला नको होतं. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आता मतभेदाकडे. ‘टेक्सासचा खेळ’ हे वाचून मी थांबलोच, कारण या गोष्टीचं एक मोठं मूळ तुमच्याच राज्यात आहे. मिडलटाउन, ओहायो. आर्म्को स्टीलच्या कारखान्याचं गाव. तिथल्या हायस्कूलचे कोच ग्लेन एलिसन, सगळे त्यांना टायगर म्हणत. १९५८ च्या हंगामात त्यांचा संघ पहिल्या पाच सामन्यांत एकही जिंकला नाही : चार पराभव, एक बरोबरी. एलिसन तोवर तुमच्या मताचे होते. दाटीत घुसायचं, समोरच्याला रेटायचं, तीन-तीन यार्ड पुढे सरकायचं. त्या वर्षी त्यांच्याकडे रेटणारी मुलंच नव्हती. मग त्यांनी चेंडू मागे देणारा सेंटर आणि त्याच्या मागे अंतरावर क्वार्टरबॅक असे दोघेच मधोमध ठेवले आणि बाकीच्यांना लांब बाजूंना पसरवलं. शाळेबाहेरच्या मैदानात पोरं आपापली खेळतात तसं : पळा, चकवा, जो मोकळा दिसेल त्याच्याकडे फेका. उरलेले पाचही सामने मिडलटाउनने जिंकले. या विचित्र मांडणीला त्यांनी ‘लोनसम पोलकॅट’ नाव दिलं, आणि त्यातल्या कल्पना घेऊन पुढे ‘रन अँड शूट’ हा आक्रमणाचा खेळ बेतला. १९६५ साली त्यावर पुस्तकही लिहिलं.

तेव्हा टीव्हीवर बघून नक्कल करायला काही होतंच कुठे? एनएफएलमध्ये रेड हिकी यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला शॉटगनमधून खेळवलं ते १९६० साली, एलिसनच्या दोन वर्षांनी. तेही फार टिकलं नाही. १९६१ मध्ये शिकागो बेअर्सनी ३१-० ने धुव्वा उडवल्यावर ती मांडणी मागे पडली, आणि १९७५ मध्ये टॉम लँड्री यांनी डॅलस काउबॉइजसाठी ती पुन्हा बाहेर काढली. वरून खाली आलेली गोष्ट म्हणाल तर तेवढीच. खालून वर गेलेल्यांची रांग मात्र लांब आहे. लॉस एंजलिसच्या ग्रॅनडा हिल्स हायस्कूलमध्ये जॅक न्यूमायर १९७० पासूनच मैदान पसरवून खेळवत होते. पुढे एनएफएलमध्ये गाजलेला क्वार्टरबॅक जॉन एल्वे त्यांच्याच हाताखाली तयार झाला. ऑरेगनमधल्या हायस्कूलचे कोच माउस डेव्हिस एलिसनचा खेळ घेऊन पोर्टलंड स्टेट कॉलेजात गेले. हॅल मम्मी १९८६ ते ८८ टेक्सासमधल्या कॉपरस कोव्ह या लष्करी तळाशेजारच्या गावात शाळेचे कोच होते. तिथून ते आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात गेले, तिथे त्यांना माइक लीच भेटला आणि दोघांनी मिळून ‘एअर रेड’ हा पासवर चालणारा खेळ उभा केला. आर्कान्सातले गस मालझान २००५ साली स्प्रिंगडेल हायस्कूलला राज्याचं विजेतेपद मिळवून देतात आणि पुढच्याच वर्षी थेट आर्कान्सा विद्यापीठाचं आक्रमण त्यांच्या हाती येतं. आज रविवारी टीव्हीवर एनएफएलमध्ये जे दिसतं, त्यातलं बरंच आधी कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर शुक्रवारी रात्री दिसलेलं असतं.

टेक्सासचंही एक सांगतो, कारण तिथेही कारण तेच होतं. फोर्ट वर्थला मेसॉनिक होम नावाचं अनाथ मुलांचं वसतिगृह आणि शाळा होती. १९३० च्या दशकात रस्टी रसेल तिथे कोच. मुलं मोजकी, अंगाने लहान, आणि समोर शहरातल्या मोठ्या शाळा. १९३२ साली ही मुलं राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. कोर्सिकानाविरुद्ध ०-० बरोबरी झाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ कोण जास्त वेळा पोचलं या मोजणीवर ती हरली. मैदानभर पसरून खेळायची पद्धत टेक्सासात रुजवणाऱ्यांत रसेलचं नाव आधी घेतात. या अनाथ मुलांच्या खेळाला दिखाऊ म्हणायला माझी जीभ वळत नाही, काका. बाराव्या-तेराव्या मुलासाठी शोधाशोध करणाऱ्या कोचने केलेला तो हिशेब होता.

हिशेब कसला, ते फुटबॉल नव्याने बघणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. (तुम्हाला हे पाठ आहे, हा परिच्छेद सोडलात तरी चालेल.) जुन्या पद्धतीत क्वार्टरबॅक सेंटरच्या पाठीला खेटून उभा राहतो, चेंडू घेतो आणि मागच्या धावणाऱ्याच्या पोटाशी देतो. दिला की त्याचं काम संपलं. धावणारा स्वतः कुणाला अडवू शकत नाही. म्हणजे समोरच्या अकरा जणांना अडवायला इकडे नऊच उरतात. ही दोनाची तूट भरून काढायला एकतर तुमचे नऊ जण त्यांच्या अकरांपेक्षा दांडगे हवेत, नाहीतर युक्ती हवी. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक पाचेक यार्ड मागे उभा असतो, त्यामुळे त्याला समोरचं सगळं दिसतं. कडेच्या एका बचावपटूला, डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दामच मोकळं सोडतात. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि त्या एकाकडेच बघतो. तो धावणाऱ्यावर झेपावला तर चेंडू स्वतःकडे ओढून घेऊन त्याच्या मागून पळायचं. जागेवर थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. कुणी हातही न लावता एक माणूस खेळातून बाद. कबड्डीत चढाई करणारा कोपरारक्षकाला पुढे ओढतो आणि त्याने सोडलेल्या जागेतून परततो, डोळ्यांचा खेळ तोच. उरलेली तूट बाहेर पसरलेले रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, भरतात : ते चौघे बाहेर गेले की बचावातले निदान चौघे त्यांच्यामागे जातात आणि मधली दाटी विरळ होते.

यात शाळांना एक जास्तीचा फायदा आहे, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मैदान १६० फूट रुंद. एनएफएलमध्ये खेळी जिथून सुरू होते त्या दोन खुणांच्या रेषा एकमेकींपासून जेमतेम साडेअठरा फुटांवर असतात, म्हणजे चेंडू कायम मधोमधच. तुमच्या ओहायोत आणि बहुतेक राज्यांतल्या शाळांमध्ये मात्र त्या रेषा मैदानाचे तीन समान भाग करतात. चेंडू एका रेषेवर असला की दुसऱ्या बाजूला शंभराहून जास्त फूट मोकळं मैदान पडतं. ते सांभाळायला सोळा वर्षांची मुलं. स्प्रेड शाळांमध्ये रुजला तो उगीच नाही.

ब्लॉकिंग मेलं, या मुद्द्यावर मला तुमच्याशी खरंच वाद घालायचा आहे. मालझानच्या मांडणीकडे नीट बघा. क्वार्टरबॅक मागे उभा आहे, हडल (खेळीआधी घोळका करून बोलणं) नाही, सगळं वेगात. पण आत काय चाललंय? गार्ड, म्हणजे सेंटरच्या शेजारचे दोघे, लाइनमधून निघून बाजूला पळतात आणि कडेच्या माणसाला उचलतात, तुमच्या विंग-टी या धावण्यावर भर देणाऱ्या जुन्या मांडणीत पळायचे तसेच. धावण्याच्या त्याच जुन्या खेळ्या : पॉवर आहे, काउंटर आहे, बक स्वीप आहे. विंग-टीच शॉटगनमध्ये नेऊन ठेवला आहे. आणि लाइनच्या मागे, जरा कडेला, एक रुंद खांद्यांचा मुलगा वाकून उभा असतो. त्याला आता एच-बॅक म्हणतात. खेळी सुरू झाली की तो आडवा पळत येऊन कुणाच्या तरी छातीत शिरतो, आणि टाळ्या दुसऱ्याला मिळतात. तुमचा मुलगा मला तिथे दिसतो.

पण सगळ्याच शाळा मालझानसारख्या खेळत नाहीत, हेही खरं. चार रिसीव्हर आणि एकच धावणारा ठेवणाऱ्या संघात फुलबॅकला जागा नाही. आमच्या मुलाच्या शाळेत नाही. त्याच्या वर्गातला एक मुलगा, छोट्या चणीचा पण बैलासारखी ताकद असलेला, दहावीत संघ सोडून कुस्तीकडे वळला. लाइनमनसाठी उंची कमी, रिसीव्हरसाठी वेग कमी. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तोच आठवत होता. स्प्रेडने कुणाला आत घेतलं याबद्दल मी भरभरून लिहिलं होतं, बाहेर कोण राहिलं याबद्दल एक ओळही नव्हती. तुम्ही बोलला नसता तर मला हे सुचलं नसतं.

आणि जिंकायला स्प्रेडच लागतो, असं तर मुळीच नाही. मी २००५ मध्ये डॅलसजवळ राहायला आलो, तेव्हा एक सहकारी मला साउथलेक कॅरल या शाळेचा सामना बघायला घेऊन गेला. टॉड डॉज कोच, खेळ स्प्रेडचा. २००२ ते २००६ या पाच हंगामांत त्यांनी ७९ सामने जिंकले आणि एकच हरला. तो खेळ बघून मी भारावलो होतो आणि मागच्या लेखात तो भारावलेपणा उतरला. पण तो एक पराभव कुणाकडून? २००३ च्या अंतिम सामन्यात केटीकडून, १६-१५. चेंडू घेऊन सरळ लाइनमध्ये घुसणारी, बचावावर जगणारी ह्यूस्टनजवळची शाळा. कॅलिफोर्नियाच्या डे ला सालने १९९२ ते २००४ ओळीने १५१ सामने जिंकले ते व्हीअर या धावण्याच्या जुन्या पद्धतीवर, आणि ती मालिका तोडली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूने, विंग-टी खेळून. हे आकडे तुमच्या बाजूचे आहेत, आणि मी ते आधीच द्यायला हवे होते.

राहिला कळसूत्री बाहुल्यांचा प्रश्न. तो मला सगळ्यात जास्त लागला, कारण अर्धा खरा आहे. मुलं ओळीत उभी राहतात, समोरच्यांची मांडणी बघून कोच खेळी बदलतो, बाजूला कुणी चित्रांचे फलक धरतं, कुणी हातवारे करतं, आणि अकरा माना एकदम तिकडे वळतात. पूर्वी हडलमध्ये क्वार्टरबॅक खेळी सांगायचा. कोचने पाठवलेली असली तरी सांगणारा तो असायचा, आणि सतरा वर्षांच्या मुलाला दहा जणांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागायचं. ते गेलं. मला त्याचं वाईट वाटतं.

उरलेला अर्धा मात्र चेंडू निघाल्यानंतरचा आहे. आमचा मुलगा आता अकरावीत आहे. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६१ किलो. कनिष्ठ संघात स्लॉट रिसीव्हर, म्हणजे लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधे उभा राहणारा. तुमच्या मुलाच्या काळात अशा अंगाच्या मुलाच्या हातात कोचने पाण्याच्या बाटल्या दिल्या असत्या. त्याला शिकवलेलं असं : सहा यार्ड पळ, मग बघ. समोरचा तुझ्यामागे येत असेल तर थांबू नकोस, आडवा पळत राहा. ते आपापल्या जागा राखत असतील तर दोघांच्या मधली फट शोध, तिथे थांब आणि क्वार्टरबॅककडे तोंड कर. हे ठरवायला त्याला एक सेकंदही नसतो, आणि त्याच क्षणी वीस यार्डांवरून क्वार्टरबॅकलाही तेच दिसलेलं असावं लागतं. तिथे बाजूला बघून उपयोग नाही. गेल्या हंगामात एकदा दोघांना वेगवेगळं दिसलं. चेंडू बचावपटूच्या हातात गेला. घरी येताना गाडीत तो गप्प होता. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात येऊन त्याने डब्यातल्या चकल्या टेबलावर मांडल्या आणि मला आणि त्याच्या आईला दाखवलं, कोण कुठे होतं आणि त्याने काय बघायला हवं होतं. चकल्यांचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, दोन पावलं आत सरकला होता, ते त्याला आठवत होतं. बाहुलीला आठवत नाही, काका.

एक विनंती आहे. मुलाच्या सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट जपून ठेवल्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यातला एखादा सामना संगणकावर उतरवून पाठवाल का? पुढचा लेख फुलबॅकवर लिहायचं ठरवलं आहे, आणि लाइनमधल्या फटीत तो आधी कुठला पाय टाकायचा ते मला खेळी थांबवून थांबवून बघायचं आहे. आमच्या मुलाच्या वर्गातल्या, कुस्तीकडे वळलेल्या त्या मुलालाही बोलावणार आहे, बघायला.

तुमचा नम्र