गुलाबी टाइट्सची परंपरा नेमकी कुठल्या सालची?

बॅलेमध्ये गुलाबी टाइट्स (पायांना घट्ट बसणारे लांब मोजे) आणि गुलाबी शूजच लागतात, ती परंपराच आहे, असं जे ठामपणे सांगतात त्यांना मला मनापासून विचारायचंय की बाबांनो, कुठल्या सालची परंपरा?

१६५३ ची तर नक्कीच नव्हे. त्या वर्षी पॅरिसला फ्रान्सचा राजा चौदावा लुई सूर्याच्या वेशात नाचला तेव्हा अंगावर सोनेरी पोशाख, डोक्यावर पिसांचा तुरा आणि पायात टाचेचे बूट होते. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तिका आल्या त्या १६८१ मध्ये. तोवर तिथे बायकांच्या भूमिका पुरुषच मुखवटे लावून करायचे. या बायकाही आल्या त्या दरबारी थाटाच्या जड, पायघोळ कपड्यांत. पुढच्या शतकात मारी कामार्गोने पायांचं काम लोकांना दिसावं म्हणून घेर घोट्याच्या वर घेतला आणि पॅरिसमध्ये केवढा गहजब झाला! १७३४ मध्ये मारी साले लंडनला साध्या मलमलीच्या झग्यात, केस मोकळे सोडून नाचली. आज आपण ज्याला बॅलेचा पोशाख म्हणतो, त्याची सुरुवात अशा ‘हे काय भलतंच’ म्हटल्या गेलेल्या बायकांपासून झाली आहे.

मग १८३२. नर्तिका मारी ताल्योनीचा ‘ला सिल्फिद’ हा बॅले. पांढऱ्या मलमलीचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा घंटेसारखा घेर, पाय चवड्यांच्या टोकावर आणि गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड. ही बाई जमिनीला टेकतच नाही, असं प्रेक्षकांना वाटायचं. तो घेर सगळ्यांना इतका आवडला की त्यापायी पोरींचे जीव गेले. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टरच्या कपड्यांनी दिव्याची आग धरली आणि त्यातच ती गेली.

एमा लिव्ह्रीचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. सोळाव्या वर्षी तिने पॅरिसच्या ऑपेरात पदार्पण केलं, तेही ‘ला सिल्फिद’मधूनच. खुद्द ताल्योनीने तिला हाताशी धरलं आणि १८६० मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियों’ हा फुलपाखराचा बॅले बसवला. रंगमंचावर उघड्या ज्योतीचे गॅसचे दिवे आणि नर्तिकेच्या अंगावर थरांवर थर हलकं, पारदर्शक कापड. धोका सगळ्यांना दिसत होता. कापड तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवलं की ते सहजी पेट घेत नाही, हे माहीत होतं. सरकारने तसा हुकूमही काढला होता. पण त्या पाण्यातून निघालेलं कापड कडक आणि मळकट व्हायचं, त्याचा झुळझुळीतपणा जायचा. एमाने ऑपेराच्या संचालकांना लिहून दिलं की मी माझ्या नेहमीच्या घेरातच नाचणार, काही झालं तर जबाबदारी माझी.

१५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीच्या वेळी तिने बसण्याआधी घेर सावरला आणि ज्योत उडून कापडाला लागली. ती रंगमंचावर सैरावैरा धावली. ज्वाळा विझवेपर्यंत अंग भाजून निघालं होतं. त्यानंतर आठ महिने ती अंथरुणावर होती. त्याच काळात ती म्हणाली होती की ते बुडवलेले कपडे कमी धोक्याचे खरे, पण मी पुन्हा रंगमंचावर गेले तरी ते घालणार नाही, किती कुरूप दिसतात! २६ जुलै १८६३ ला ती गेली. वय वर्षं वीस. तिच्या जळक्या कपड्यांचे उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

‘तिनेच तर लिहून दिलं होतं’ असं म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. वीस वर्षांच्या मुलीला जिवापेक्षा कापडाची झुळझुळ मोलाची वाटते, ती तिला कुणीतरी तसं शिकवल्याशिवाय नाही. हुकूम असूनही तिला त्या कपड्यांत दिव्यांपाशी उभं राहू देणारे सगळे माझ्या लेखी जबाबदार आहेत.

पुढे सगळं भराभर बदललं. इटालियन नर्तिकांनी घेर गुडघ्यांच्या वर नेला. १९११ मध्ये ‘जिझेल’ या बॅलेत नुसत्या टाइट्सवर आला म्हणून रशियन नर्तक निजिन्स्कीला पीटर्सबर्गच्या शाही थिएटरने काढून टाकलं. १९५१ मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनने आपल्या ‘द फोर टेम्परामेंट्स’ या बॅलेचे अवजड पोशाख चक्क बाजूला ठेवले आणि नर्तकांना सरावाच्या कपड्यांत उभं केलं.

आता गुलाबीकडे येते. हा रंग आला कुठून? युरोपातल्या गोऱ्या नर्तिकेच्या कातडीशी मिळताजुळता म्हणून! कंबरेपासून अंगठ्यापर्यंत पाय सलग दिसावा, मध्ये कुठे रेघ तुटू नये, एवढाच त्याचा हेतू. माझी भाची पुण्यात बॅले शिकते. छान सावळी आहे. तिला गुलाबी टाइट्समध्ये पाहिलं की कंबरेच्या वर एक मुलगी आणि खाली दुसरीच, असं दिसतं. हात उचलला की तो पायाशी जुळतच नाही. म्हणजे ज्या कारणासाठी गुलाबी आलं, तेच कारण आपल्या मुलींच्या बाबतीत गुलाबीने मारलं जातं.

न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या कृष्णवर्णीय नर्तकांच्या बॅले कंपनीने हे १९७० च्या दशकातच ओळखलं आणि तिथल्या नर्तिका आपापल्या कातडीच्या रंगाचे टाइट्स आणि शूज वापरू लागल्या. तरी दुकानांत शूज गुलाबीच. कृष्णवर्णीय नर्तिकांना कित्येक वर्षं स्पंजने मेकअपचं फाउंडेशन लावून शूज रंगवावे लागले, तेही जोड बदलला की पुन्हा पहिल्यापासून. ‘फ्रीड ऑफ लंडन’ या शूज बनवणाऱ्या नामांकित कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या ब्रिटिश नृत्यकंपनीसोबत तपकिरी आणि ब्राँझ रंगाचे पॉइंट शूज (चवड्यांच्या टोकावर नाचायचे शूज) काढले ते थेट २०१८ मध्ये!

मुंबई-पुण्यातल्या बॅले शिकवणाऱ्या ताई-दादांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना जी यादी देता, तिच्यात ‘गुलाबी टाइट्स’ खोडून ‘मुलीच्या त्वचेच्या रंगाचे टाइट्स’ असं लिहा. दुकानदार म्हणतात मागणीच नाही. यादीत आलं की मागणी येईल. आणि स्नेहसंमेलनात सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात असं वाटत असेल, तर टुटु (बॅलेचे घेरदार झगे) एका रंगाचे शिवा, पाय ज्याचे त्याचे राहू द्या.