बार्बारोसाची सनद आणि हॅम्बुर्ग बंदराचा वाढदिवस

मे महिन्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराच्या वाढदिवसाची छायाचित्रे फिरू लागली की त्यांच्याबरोबर एक मजकूरही हटकून फिरतो. त्याचा आशय असा : ७ मे ११८९ रोजी पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने सनद देऊन हे बंदर स्थापन केले, तेव्हापासून तेथील व्यापार जकातमुक्त झाला, हे शहर पुढे हान्सा या व्यापारी संघाची राजधानी बनले, त्याने कोणत्याही राजाची सत्ता कधी मानली नाही, आणि आजही ते मुक्त बंदर आहे. ही पाच विधाने आहेत आणि त्यांतले एकही जसेच्या तसे टिकत नाही.

सगळा डोलारा ज्या सनदेवर उभा आहे, तिच्यापासूनच सुरुवात करू. लॅटिन भाषेतील हा दस्तऐवज डॅन्यूबकाठच्या नॉयबुर्ग येथे लिहिला गेल्याचे त्यात म्हटले आहे. समुद्रापासून शहरापर्यंत एल्ब नदीतून जाणाऱ्या नागरिकांच्या मालाला जकात माफ, शहराभोवती दोन मैलांच्या आत कोणी किल्ला बांधू नये, मासेमारीचा, गुरे चारण्याचा आणि लाकूडतोडीचा हक्क, शिवाय मुलूखगिरीवर जाण्यापासून सूट, अशी त्यातली भरघोस कलमे आहेत. मात्र अभ्यासकांच्या मते आज हाती असलेली ही प्रत ११८९ची नाहीच. ती १२६५च्या सुमारास, म्हणजे बार्बारोसाच्या मृत्यूला पाऊणशे वर्षे होत आली असताना, तयार करण्यात आली. सनदेवरील तारखेनंतर चारच दिवसांनी बार्बारोसा रेगेन्सबुर्गहून तिसऱ्या धर्मयुद्धावर निघाला आणि जून ११९० मध्ये आजच्या तुर्कस्तानातील एका नदीत बुडून मरण पावला, त्यामुळे त्याच्या नावाचा कागद नाकारायला तो स्वतः परत येणार नव्हता. गरज मात्र खरी होती. एल्बच्या खालच्या अंगाला श्टाड येथे ब्रेमेनच्या आर्चबिशपाची जकात होती, आणि तिच्याशी भांडायचे तर हातात वजनदार कागद हवा होता. वतनाच्या तंट्यांचे जुने कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही.

बनावट म्हणजे निव्वळ थाप, असेही मात्र समजू नये. सम्राटाने मोहिमेवर निघताना काही सवलती तोंडी कबूल केल्या असतील आणि पुढच्या पिढ्यांनी त्या सोयीस्करपणे वाढवून लिहिल्या असतील, ही शक्यता उरतेच. पण ‘सम्राटाने सनद दिली’ हे वाक्य निःशंकपणे लिहिण्याइतका तो पुरावा भक्कम नाही.

आता स्थापनेविषयी. हाम्माबुर्ग हा तटबंदीचा गड नवव्या शतकात उभा होता आणि ८४५ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. नदीकाठी माल चढवणे-उतरवणे तेव्हापासूनचे. नवीन व्यापारी पेठ आणि तिचे बंदर वसवण्याचे काम शाउएनबुर्ग आणि हॉल्स्टाइनचा काउंट तिसरा आडोल्फ याने वीराद फॉन बॉइत्सेनबुर्ग याच्याकडे सोपवले, तेही ११८९ च्या अगोदर. म्हणजे बंदराच्या जन्माचे श्रेय द्यायचेच तर ते या काउंटाला आणि त्याच्या कामदाराला जाते. दरसालचा मोठा लोकोत्सव तर १९७७ पासूनचा आहे.

जकातमुक्तीचे विधान तपासायला श्टाडचाच नाका पुरेसा आहे. तो आर्चबिशपाकडून स्वीडनकडे, स्वीडनकडून हॅनोवर या जर्मन राज्याकडे गेला, पण उठला नाही. हॅम्बुर्गकर सनद दाखवून आपल्यापुरती सूट मागत राहिले आणि परकी जहाजे पैसे मोजत राहिली. १८६१ मध्ये व्यापारी देशांनी हॅनोवरला एकरकमी मोबदला देऊन ती जकात कायमची मिटवली, तेव्हा सनदेवरच्या तारखेला पावणेसातशेंच्या घरात वर्षे झाली होती.

राजधानीच्या दाव्यावर फार वेळ घालवायला नको. हान्साला राजधानीच नव्हती, आणि तिच्या बैठकांचे नेहमीचे ठिकाण ल्युबेक होते. हॅम्बुर्ग हे तिचे उत्तर समुद्राकडचे दार होते. बिअर गाळून बाहेर पाठवणारे शहर म्हणून त्याचा लौकिक होता. गंमत अशी की, हान्सा उतरणीला लागली तेव्हा हॅम्बुर्ग चढले : १५५८ मध्ये तेथे व्यापाऱ्यांच्या सौद्यांचे बाजारगृह सुरू झाले, १५६७ मध्ये इतर हान्सा शहरांची नाराजी पत्करून इंग्रज व्यापाऱ्यांना सवलती देण्यात आल्या, आणि १६१९ मध्ये शहराची स्वतःची बँक उभी राहिली. हान्साची शेवटची बैठक १६६९ची.

‘कोणाचीही सत्ता मानली नाही’ हे वाक्य ऐकायला रुबाबदार आहे, पण हॉल्स्टाइनच्या काउंटांचा वारसा सांगणारे डेन्मार्कचे राजे शतकानुशतके या शहरावर हक्क सांगत होते. १६१८ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तो डेन्मार्कच्या गळी उतरायला १७६८चा गोटोर्पचा तह उजाडावा लागला, आणि त्यासाठी शहराने डेन्मार्कला दिलेल्या मोठ्या कर्जांवर पाणी सोडले. पुढे १८११ मध्ये नेपोलियनने हॅम्बुर्ग थेट फ्रेंच साम्राज्यात घातले. १८१३च्या ऐन थंडीत, वेढ्यापुरता शिधा जवळ नसलेल्या हजारो गरिबांना फ्रेंच सेनेने वेशीबाहेर काढले आणि त्यांतले अनेक शेजारच्या आल्टोना परिसरात मरण पावले. रुबाबदार वाक्यात ही माणसे बसत नाहीत.

राहिले मुक्त बंदर. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याच्या दडपणाखाली १८८१ मध्ये करार झाला आणि १८८८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मनीच्या जकात-क्षेत्रात सामील झाले. त्याच्या बदल्यात बंदराचा एक भाग मुक्त राखण्यात आला. तिथे माल साठवण्यासाठी श्पाइखरश्टाट ही वखारींची वसाहत बांधली. लाल विटांच्या उंच इमारती, एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला कालवा, माथ्याशी कप्पी, आणि तिला लावलेल्या दोराने होडीतली कॉफीची पोती थेट वरच्या मजल्यावर. त्या जागेवर राहणाऱ्या सुमारे वीस हजार लोकांना मात्र घरे सोडावी लागली. म्हणजे आपण ज्याला मुक्त बंदर म्हणून ओळखतो ते बार्बारोसाचे देणे नसून १८८८ची तडजोड आहे, आणि तीही १ जानेवारी २०१३ रोजी संपली. त्या दिवसापासून जर्मनीत मुक्त बंदर पाहायचे असेल, तर ब्रेमरहाफेन किंवा कुक्सहाफेनची वाट धरावी लागते.