"सर, ते असंच वाजतं": साताऱ्याच्या वाचकांना उत्तर

विमानातला स्टॉलचा इशारा (पंखाचा हवेशी कोन फार वाढून त्याची उचल तुटते, तो स्टॉल) आणि त्यातले सक्तीचे बदल या माझ्या मागच्या लेखावर साताऱ्याच्या एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. हवाई दलाच्या तांत्रिक विभागात वीस वर्षं काढली, असं ते लिहितात. उत्तर लांबत गेलं, म्हणून इथं वेगळं टाकतोय.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मी बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानातल्या एमकॅसला 'स्टॉलचा इशारा देणारी यंत्रणा' म्हटलं, ते साफ चूक. एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या, समुद्रात कोसळलेल्या विमानात 'स्टॉल, स्टॉल' असं ७५ वेळा ओरडून सांगितलं तरी वैमानिकांनी ऐकलं नाही; मग यंत्रं कसली बदलता, माणसं बदला. अपघातानंतर निघणारे सक्तीचे आदेश म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. आणि खोटा वाजणारा इशारा वैमानिकाला बंद करता यावा या बदलाचं मी स्वागत केलं, ते तर त्यांना फारच झोंबलंय. "उद्या सांगलीत पुराचा भोंगा बंद करायचं बटण घरोघरी देणार का?" असं विचारून शेवटी "मिरजेत बसून बोइंगला शहाणपण शिकवण्यापेक्षा पेट्या दुरुस्त करा" हा सल्ला, कारण मी मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करतो.

सर, पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. एमकॅस इशारा देत नाही, ती थेट हात घालते. नाक फार वर जातंय असं तिला वाटलं की शेपटीचा आडवा पंख फिरवून ती नाक खाली दाबते. इशारा देतो तो स्टिक शेकर, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडाच थडथडवणारी मोटार. लायन एअरच्या (२०१८ साली कोसळलेल्या मॅक्स) विमानात दोघांनाही एकाच बिघडलेल्या सेन्सरनं फसवलं, म्हणून लिहिण्याच्या ओघात मी दोन्ही एका गाठोड्यात बांधली. मूळ लेखात आज सकाळी दुरुस्ती केली आहे.

आता ४४७. आकडा तुमचा बरोबर आहे. १ जून २००९, रिओहून पॅरिसला निघालेलं विमान, २२८ माणसं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ धरला, वेगाचे आकडे भरकटले, ऑटोपायलट सुटला आणि विमान चालवणाऱ्यानं दांडा मागे ओढला, तो ओढतच राहिला. माणूस चुकला यात वाद नाही. पण तो इशारा मध्येच गप्प का झाला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. वेग ६० नॉटच्या खाली मोजला गेला की पंखाच्या हवेशी कोनाचं मापन भरवशाचं धरायचं नाही आणि इशारा द्यायचा नाही, अशी सॉफ्टवेअरची रचना होती. धावपट्टीवर रांगणाऱ्या विमानासाठी ते ठीकच. हे विमान मात्र नाक वर करून पोटावर कोसळत होतं आणि त्याचा मोजलेला वेग ६० च्या खाली जात होता. त्यामुळे झालं असं, की दांडा ओढून धरला की आवाज बंद, आणि नाक जरा खाली घेतलं की वेग वाढून पुन्हा 'स्टॉल, स्टॉल'. चुकल्यावर गप्प बसणारा आणि सुधारायला गेलं की खेकसणारा मास्तर आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या हाताखाली कोण शिकलं?

माणसं बदला म्हणता, तर माणसं इशाऱ्याला बहिरी कशी होतात हे मी जवळून पाहिलंय, आणि त्यात माझाही हात होता. हे मागच्या लेखात लिहिलं नव्हतं.

मी ज्या शिकाऊ विमानांच्या हँगरमध्ये काम केलं (नाव नको), तिथं सेसना १५२ आणि १७२ होती. या विमानांचा स्टॉलचा इशारा म्हणजे डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक, आत नळी आणि नळीच्या टोकाला एक रीड. वीज नाही, तार नाही. पंखाचा हवेशी कोन वाढत गेला की कडेवरचा दाब उतरतो, त्या भोकातून हवा बाहेर ओढली जाते आणि रीड रडायला लागतं. स्टॉलच्या साधारण ५ ते १० नॉट आधी. पहिल्यांदा ते उघडून पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. वडिलांच्या दुकानात लहानपणापासून जे घासत आलो तेच पितळी पातं. फरक इतकाच, की पेटीत भाता हवा आतून ढकलतो, इथं बाहेरून ओढली जाते. तेव्हा सर, तुमचा पेट्यांचा सल्ला मी तीस वर्षं आधीच पाळलाय.

तो तपासायची रीतही तशीच घरगुती. उड्डाणाआधी भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. वाजलं पाहिजे. पंखाला ओठ लावून उभं राहायला मुलांना लाज वाटते, म्हणून निम्मी मुलं ते टाळायची. एका पावसाळ्यानंतर मी स्वतः ओढलं तर काही नाही, तोंडात नुसती मातीची चव. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. तारेनं माती टोकरून काढली, त्यात एक वाळलेली अळीही निघाली.

पण मुकं राहणारं भोक परवडलं. दुसऱ्या विमानाची गोष्ट अशी. हँगरच्या दाराचा धक्का लागून पंखाच्या कडेचा पत्रा चेपला होता. पत्रा बदलला आणि भोंग्याचं तोंड पुन्हा बसवलं. ते लांबट भोकांतल्या स्क्रूंवर बसतं. वर-खाली सरकवून भोंगा नेमका केव्हा वाजावा ते ठरवायचं असतं. काम तंबोऱ्याची जवारी लावण्यासारखं. घोडीवर कानस एकदा जास्त फिरली की सूर गेला. बसवल्यावर विमान वर नेऊन, मुद्दाम स्टॉल करून, कितीला वाजतं ते बघायचं. ते बघणं घाईत उरकलं गेलं. सही दुसऱ्याची होती, हात माझा. तोंड सूतभर चुकीच्या जागी बसलं आणि भोंगा भरपूर वेग असतानाही रडायला लागला. प्रत्येक उतरणीला अखेरच्या टप्प्यात सतत.

दोनेक महिने कुणी बोललं नाही. एके दिवशी एक मुलगा उतरल्यावर मी सहज विचारलं, "अरे, एवढा वेळ भोंगा? कितीवर होतास?" तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, ते असंच वाजतं."

मी त्या रात्री जेवलो नाही. त्या मुलाला विमान चालवायला येत नव्हतं असं नाही. दोन महिन्यांत माझ्या स्क्रूनं त्याला शिकवलं होतं, की या आवाजाकडे लक्ष द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी विमान खाली ठेवलं, तोंड पुन्हा लावलं, वर नेऊन तीनदा तपासलं. मुलाचा कान दुरुस्त व्हायला मात्र वेळ लागला. निदान त्याच्या प्रशिक्षकाचं म्हणणं तसं.

म्हणून तुमचं पुराच्या भोंग्याचं उदाहरण मला उलट माझ्या बाजूचं वाटतं. सांगलीत पावसाळ्यात कुणी भोंग्यावर विसंबत नाही. विचारतात ते "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा फोनवर दर दहा मिनिटांनी कोयनेच्या नव्या विसर्गाचा नवा आकडा येत होता, निम्मे आकडे कुणाच्या तरी डोक्यातले. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी शेवटी फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला आणि पोराला पुलाकडे पिटाळलं. "पट्टी बघून ये." मगच सामान माडीवर चढवलं. काकूंनी इशारा बंद केला, असं तुम्ही म्हणाल का?

लायन एअरच्या वैमानिकांकडे पिठाचा डबा नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ ला त्या विमानाचं डावं कोनमापक पातं खऱ्यापेक्षा सुमारे २१ अंश जास्त दाखवत होतं. पंख साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास हवा सोडतो, म्हणजे २१ अंशांची चूक केवढी ते बघा. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून कॅप्टनचा दांडा थडथडत होता. मोबाइलच्या व्हायब्रेटरमध्ये एका बाजूला जड असलेली मोटार असते ना, तीच, पण दोन्ही हातांनी धरलेला दांडा खडखडा हलवेल एवढी. त्या खडखडाटात चेकलिस्ट शोधायची, शेजाऱ्याचं ऐकायचं, आणि तिकडे एमकॅस पुन्हा पुन्हा नाक दाबतेय. १८९ माणसं गेली. पुढच्या १० मार्चला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान, तिथंही डावं पातं बिघडलेलं, तिथंही तोच खडखडाट; १५७.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफएएनं (तिथल्या विमान वाहतूक नियामकानं) सक्तीचा आदेश काढला. दोन्ही पात्यांची मापं ताडून बघायची आणि त्यांत ५.५ अंशांहून जास्त फरक असेल तर एमकॅसनं हात लावायचा नाही. मापं जुळत नसल्याचा संदेश प्रत्येक विमानात दिसला पाहिजे, हेही त्यात होतं. पण खोटा शेकर बंद करण्याचं काय, यावर नियामकांमध्येच एकमत नव्हतं. युरोप आणि कॅनडानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं, की शेकर खोटा असल्याची खात्री झाली तर वैमानिकानं त्याचा सर्किट ब्रेकर (वीज तोडणारी कळ) ओढावा, आणि तो चटकन सापडावा म्हणून ब्रेकरवर रंगीत टोपी बसवावी. अमेरिकेच्या आदेशात ते नव्हतं. म्हणजे सर, तुमच्या बाजूला प्रत्यक्ष एफएए उभं होतं, हे मला लपवायचं नाही. पुढे २०२२ च्या अखेरीस अमेरिकी संसदेनंच मॅक्सच्या पुढच्या मॉडेलांना सवलत देताना अट घातली: कोन ताडून बघायची आणखी भक्कम सोय करा आणि शेकर थांबवायचं साधन द्या, जुन्या मॅक्स विमानांनाही.

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा तुम्ही दिला नाहीत, तो मी देतो. १८ जून १९७२, लंडनजवळ स्टेन्स. ट्रायडंट विमान, ११८ माणसं. पंखाच्या पुढच्या कडेचे ड्रूप (कमी वेगात उचल टिकवायला खाली झुकणारे भाग) वेळेआधी मिटले, स्टॉल जवळ आला, यंत्रणेनं दांडा हलवला आणि नाक खाली ढकललं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कॉकपिटमधल्या कुणीतरी ती यंत्रणाच बंद केली. इशारा खरा होता. कुणी वाचलं नाही.

मग मी अजूनही बटणाच्या बाजूला का? कारण त्या विमानांवर ही यंत्रणा आधी खोटी चाललेली होती आणि वैमानिकांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता. स्टेन्सला मला तोच मुलगा दिसतो, "सर, ते असंच वाजतं" म्हणणारा. शिवाय ट्रायडंटच्या कॉकपिटमध्ये 'इशारा खरा की खोटा' हे ताडून बघायचं नीट साधन नव्हतं. मॅक्सच्या बदलात आधी ताळा आहे, मग ब्रेकर. ताळा नसता आणि नुसता ब्रेकर दिला असता, तर मीही तुमच्यासारखंच लिहिलं असतं, कदाचित जास्त कडक.

बैल आणि झोप्याबद्दल मात्र तुमचा राग मला पटतो, फक्त तुम्ही तो चुकीच्या माणसावर काढताय. २५ मे १९७९, शिकागो. डीसी-१० धावपट्टीवरून उठताना डावं इंजिन पंखावरून सुटून पडलं. त्याबरोबर हायड्रॉलिक नळ्या तुटल्या, डाव्या पंखाचे स्लॅट (पुढच्या कडेचे, उचल वाढवणारे सरकते भाग) मागे गेले, आणि डावा पंख उजव्याच्या आधी स्टॉल होणार हे ठरलं. शेकरनं सांगायला हवं होतं. पण त्या जातीत शेकर फक्त कॅप्टनच्या दांड्याला होता, तोही तुटून पडलेल्या इंजिनाच्या विजेवर. विमान चालवत होता को-पायलट. त्याच्या दांड्याला शेकर लावून घेणं ऐच्छिक होतं, जादा पैसे देऊन. ३१ सेकंदांत २७३ माणसं गेली, त्यातली दोन जमिनीवरची. त्यानंतर दोन्ही दांड्यांना शेकर सक्तीचा झाला.

आता २०१८ बघा. दोन पात्यांची मापं जुळत नाहीत हे सांगणारा संदेश मॅक्समध्ये सर्वांना मिळायला हवा होता. प्रत्यक्षात तो चालायचा तो कोन दाखवणारा ऐच्छिक काटा ज्यांनी विकत घेतला त्यांच्याच विमानात. लायन एअरनं घेतला नव्हता. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच: इशारा जादा पैशांच्या यादीत. हँगरमध्ये कंपनीचं बुलेटिन आलं की 'करा, जमलं तर' असा सूर असतो. एडी, म्हणजे सक्तीचा आदेश, आली की विमान उडत नाही, लॉगबुकात नोंद होईपर्यंत. आदेश परदेशातून निघाला म्हणून इथं कुणी सुटत नाही. मालक चिडतात, आम्ही पुढ्यात कागद ठेवायचो. चिडायचंच असेल तर त्या यादीवर चिडा, ती बनवणाऱ्यांवर. एडी काढणारा निदान गोठ्यातल्या उरलेल्या बैलांचं बघतो.

बोइंगला शहाणपण शिकवण्याची माझी ऐपत नाही. पेटी मात्र सध्या टेबलावर आहेच, मिरजेच्याच एका भजनी मंडळाची. खर्जातला पंचम धरून बसतो, सुटत नाही. रीडखाली धूळ असणार.

एक विचारायचं होतं. तुम्ही ज्या विमानांवर काम केलंत, त्यांत हा इशारा खोटा वाजायला लागला तर काय करायची मुभा होती? वैमानिकाला तो बंद करता यायचा का? नक्की लिहा, सेवेचे नियम आड येत नसतील तर.