नागपुरातील भिंगऱ्यांविषयी खुलासा
‘एप्रिल उजाडला आणि नागपुरातल्या तारांवरच्या भिंगऱ्या मोबाइल टॉवरमुळे संपल्या’ असा, पक्ष्यांची संख्या घटल्याचा दाखला देणारा संदेश सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. तांबूस गळ्याची, दुभंगलेल्या लांब शेपटीची ही भिंगरी आपल्याकडे हिवाळी पाहुणी असून विणीसाठी ती वसंतात उत्तरेकडे परतते, त्यामुळे या दिवसांत तिचे न दिसणे स्वाभाविकच आहे. संदेशात सांगितलेली घट ब्रिटनमधली आहे, आणि ती मात्र खरी आहे : तेथे वसंतात विणीसाठी येणारी पाकोळी आणि घरांच्या वळचणीला मातीचे घरटे बांधणारी भिंगरी २०२१ मध्ये धोक्याच्या लाल यादीत गेली. पुलांखाली घरटी करणारी, शेपटीला तारेसारखी पिसे असलेली तारवाली भिंगरी आणि जुन्या इमारतींच्या कमानींत राहणारी आपली पाकोळी बारमाही आहेत. त्या दिसेनाशा झाल्या, तर तक्रारीला आधार असेल.