‘चार दिवसांत पोर्ट बंद’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंय की दीड हजार घेऊन आम्ही पोर्ट फॉरवर्डिंग केलं (म्हणजे राउटरमधलं एक दार, पोर्ट, उघडून बाहेरची मागणी कॅमेऱ्यांकडे धाडणारा नियम लावला), चार दिवसांत मुलाला परदेशातून घरचे कॅमेरे दिसायचे बंद झाले, आम्ही इंटरनेट कंपनीला विचारा म्हणालो आणि भाच्याने सुचवलेलं डीएमझेडही (एका यंत्राचे सगळे पोर्ट बाहेर उघडणारी राउटरची सोय) लावलं नाही. हे सगळं खरं आहे. घरी तुम्ही दोघंच असताना मुलाचा जीव टांगणीला लागतो, तुम्हाला राग येणारच. पण ‘फसवणूक’ हा शब्द मला मान्य नाही.

राउटरमधलं काम आजही जागेवर आहे. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकावर, १९२.१६८.१.५० हा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला पत्ता, राखून ठेवलाय, त्यामुळे लाइट जाऊन आली तरी तो बदलत नाही. बऱ्याच घरांत नियम इथेच तुटतो, म्हणून ते आम्ही सर्वांत आधी करतो. त्या दिवशी कॅमेरे मोबाइल डेटावर उघडून तुम्हाला दाखवले होते. घरच्या वायफायवर केलेली चाचणी धरत नाही, कारण अनेक राउटर आतूनच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत.

तेव्हा राउटरच्या वॅन पानावर (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता दाखवणारं पान) पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता, होता. आता तिथे १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे. १००.६४ ते १००.१२७ ही रांग २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवली गेली. म्हणजे तुमचं कनेक्शन सीजीनॅटमागे गेलंय, एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. कुरिअर सोसायटीच्या गेटपर्यंत येतं, पण कोणत्या फ्लॅटचं हे गेटवर कुणालाच ठाऊक नाही, तशी गत. बाहेरची मागणी आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सोय) लावा नाहीतर डीएमझेड, फरक पडणार नाही.

आणि डीएमझेड मी पब्लिक आयपी असतानाही लावणार नाही. त्याने डीव्हीआरचे सगळे पोर्ट साऱ्या जगाला उघडे पडतात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. ज्या कॅमेऱ्यात तुमचा दिवाणखाना दिसतो, तो असा उघड्यावर टाकायला माझा हात धजत नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

कंपनीला फोन करून ‘पब्लिक स्टॅटिक (न बदलणारा) आयपी हवा’ एवढंच सांगा. त्याचे वेगळे पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या. तो मिळाला की कळवा, मी स्वतः येऊन नियम पुन्हा तपासून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. खर्च नको असेल तर डीव्हीआर कंपनीच्या ॲपमधली पीटूपी सोय चालू करून देतो. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडला जातो, पोर्ट उघडावा लागत नाही. चित्र थोडं उशिरा येईल, पण मुलाला आजच घर दिसेल. संध्याकाळी दुकानावर फोन करा, ॲप कसं जोडायचं ते फोनवरच सांगतो.